हजेरीची ओळ

अक्का, गेल्या गुरुवारी तुझं तेरावं झालं. आज पुन्हा गुरुवार, कंपनीला सुट्टी, म्हणून मी घरी आहे. सकाळी दूध उतू गेलं तेव्हा मी गॅससमोरच उभी होते. बघत होते, पण हात बटणाकडे गेलाच नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, "उजे, डोळं हायत का गोट्या?" ओटा पुसला, उरलेल्या दुधाचा चहा केला आणि तो प्यायचाही राहिला.

रडू येत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण गल्लीतल्या बायकांचं सध्या त्याच्यावरच चाललंय. थोरली गेली आणि धाकटी बघा कशी कोरडी ठणठणीत, डोळ्याला पदर म्हणून लावला नाही. नाही लावला, खरंय. मी चहाचे कप मोजत होते. आलेल्यांना चहा गेला का, कप परत आले का. तुझ्या माहेरच्या बायका हंबरडा फोडत होत्या आणि मी मनात म्हणत होते, दोन कप कमी आहेत. सगळे म्हणतात धक्का बसलाय हिला. बसला असेल. मला काहीच कळत नाही, नुसतं घरकाम करते आहे.

म्हणून म्हटलं, तुझ्याशीच बोलावं. तसंही आपलं बोलणं कुठं पुरं झालंय?

चौदा वर्षांपूर्वी मी सांगवीहून लग्न होऊन मोशीत आले. तेव्हा तू स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून कुणाला तरी म्हणाली होतीस, "ही चष्मेवाली काय भाकऱ्या थापणार?" मी आत होते, सगळं ऐकलं. तेव्हाच ठरवलं, हिला अहो-जाहो करायचं आणि चार हात लांब ठेवायचं. जावा-जावा, हेवा-दावा, उगीच म्हणतात का? वर्षभर मी तुला 'तुम्ही' म्हणत होते आणि तू मला 'ओ इन्स्पेक्टर'. मग सईचा जन्म झाला. माहेरी आई नव्हती, म्हणून बाळंतपण इथंच. सातव्या दिवशी मला ताप भरला आणि तू चार दिवस माझ्या उशाशी ठाण मांडलंस. तापात मी म्हणाले म्हणे, "अक्का, तू जाऊ नकोस गं." बरी झाल्यावर मी पुन्हा 'तुम्ही'वर आले तर तू डोळे वटारलेस. "एकदा खाली उतरलीस न्हवं? आता परत वर चढू नको." तेव्हापासून तू ती तूच.

इन्स्पेक्टर मात्र राहिलंच. त्यात खोटं काही नव्हतं म्हणा. भोसरीला गाड्यांच्या वायरिंगची कंपनी, त्यात मी फायनल तपासणीला. वायरींचे तयार जुडगे माझ्या टेबलावर येतात, मी एकेक वायर, एकेक गाठ बघते, चूक दिसली की लाल बाणाचं स्टिकर लावते आणि माल मागं पाठवते. रिवर्क. दिवसभर तेच. तुला मी हे पहिल्यांदा समजावून सांगितलं तेव्हा तू पोट धरून हसली होतीस. "चुका काढायचा पगार मिळतोय तुला? मग आपली सासू जलमभर फुकटच राबली की गं!" सासूबाई आतच होत्या. त्या दिवशी आपल्या दोघींना संध्याकाळचा चहा मिळाला नाही.

आणि तुझं विणकाम. तुझ्या वडिलांचा, आप्पांचा, सोलापूरकडं माग होता. सतरंज्या विणायचे आणि पडश्या, त्या खांद्यावर टाकायच्या दोन तोंडांच्या पिशव्या. लग्नात सगळ्यांनी तुला भांडीकुंडी दिली, आप्पांनी त्यांचा लोखंडी पंजा दिला. काट्यांची मूठ ती, विणलेली ओळ ठोकून खाली बसवायची. तू त्याला देवघरात ठेवायचीस दसऱ्याला आणि बाकी वर्षभर जिन्याशेजारच्या खोलीत. भाऊजींनी भोसरीतून पाइपची चौकट वेल्ड करून आणली होती तुझ्यासाठी, तिच्यावर तुझे पांढरे उभे धागे ताणलेले असायचे. ठप, ठप, ठप. वरचे भाडेकरू बदलले की नवा माणूस पहिल्या आठवड्यात खाली येऊन विचारायचाच, "काकू, काय ठोकताय?" तू म्हणायचीस, "नशीब."

लॉकडाऊनमध्ये कंपनी बंद पडली आणि मी घरात वेड्यासारखी करायला लागले. डाळीतले खडे संपले, मग सईच्या वह्यांमधल्या चुका संपल्या, मग मी तुझ्या पोळ्यांच्या कडा तपासायला लागले. तेव्हा तू माझा हात धरलास आणि मला त्या चौकटीसमोर बसवलंस. "हिथं बस आन् गप ऱ्हा." रंगीत धागा चार उभ्या धाग्यांवरून पुढं न्यायचा, दोन धाग्यांखालून मागं आणायचा, वेढा घालायचा. चार पुढं, दोन मागं. अशी एक ओळ डावीकडून, ती एका अंगाला कलते. वरची ओळ उजवीकडून, ती दुसऱ्या अंगाला. दोन्ही मिळून वेणी घातल्यासारखं दिसतं. मी पहिल्या दिवशी सतरा वेळा चुकले. तू एकदाही ओरडली नाहीस, नुसती म्हणायचीस, "उसव." उसवलं की पुन्हा, "हां, आता घाल." दोन महिन्यांनी माझी वीतभर पिशवी झाली. ती मी अजून वापरते. डबा तिच्यातच असतो. कंपनीच्या बसमध्ये बायका विचारतात, कुठून घेतली, आणि मी म्हणते, मी केली. तुझं नाव मी कधी सांगितलं नाही गं. मी केली, एवढंच सांगत आले.

आता आपलं भांडण. ते तसंच राहिलं, म्हणून त्याचं बोलते. आम्ही सांगवीला फ्लॅट घेतला हे तुला ह्यांनी सांगितलं, मी नाही. तिथं माझी चूक झाली, ती मी तेव्हाही कबूल केली होती. पण तू जे तोंड फिरवलंस! "मोशीत काय वाघ हायत व्हय?" म्हणालीस. मी म्हटलं, सईची शाळा, क्लास, दोन खोल्यांत तिघं किती दिवस राहणार? तू म्हणालीस, "तिघं कोण? म्हंजे आमी दोघं त्यात धरलेलोच न्हाई." मी खरंच धरलं नव्हतं. म्हणून मी चिडले. दोन दिवस आपण बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तू विचारलंस, हॉल केवढा आहे. मी मोबाइलवर प्लॅन दाखवला, तू फूट-बीट काही बघितलं नाहीस, म्हणालीस, किती हात? मी अंदाजानं सांगितलं. त्याच दुपारी तू उभे धागे ताणायला घेतलेस.

मी काय बोलले तेव्हा? "अगं, आता सतरंजीवर कोण बसतं? सोफा घेणार आहोत." उचलली जीभ, लावली टाळ्याला. तू धागा दातात धरूनच उत्तर दिलंस, "सोफ्यावर पाव्हणं बसत्यात. घरचं माणूस खालीच बसतं."

अडीच हात रुंद आणि लांबीला मोठी. एवढं मोठं काम तू या घरात कधी केलं नव्हतंस. पिशव्या, आसनं, देवापुढची पट्टी, एवढंच मी बघितलेलं. मी पहिल्या शिफ्टला साडेपाचला निघायचे, चारला यायचे, आल्यावर त्या खोलीतून ठप ठप ऐकू यायचं आणि मला वाटायचं, चाललंय तिचं. आत जाऊन बघितलं नाही. फ्लॅटच्या कागदांची गडबड होती आणि खरं सांगायचं तर थोडा रुसवाही होता. पुढं पुढं ठप ठप कमी ऐकू यायला लागलं. मला वाटलं, तू माझ्यावरचा राग त्या सतरंजीवर काढते आहेस.

मग त्या मंगळवारी तू पिठाच्या गिरणीत चक्कर येऊन पडलीस. दवाखान्यात रक्त तपासलं, तिथून मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथं म्हणाले, रक्तातच काहीतरी आहे, तपासण्या चालू आहेत. तू खाटेवरून मलाच दटावत होतीस, की सईचा डबा कोण करतंय. मला वाटलं, चार दिवसांत येशील घरी. सगळ्यांनाच वाटलं.

आता जे सांगणार आहे ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

गुरुवारी मला सुट्टी होती. घर आवरलं, तुझ्या खोलीत झाडायला म्हणून गेले आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा सतरंजी नीट बघितली. सुंदर होती गं. गडद लाल, त्यात काळ्या-पिवळ्या पायऱ्या. मी हात फिरवला आणि बोट थांबलं. एका ठिकाणी वेणी मोडली होती. एकावर एक दोन ओळी एकाच अंगाला कललेल्या. म्हटलं, असेल एखादी. तर चार बोटांवर पुन्हा तेच. मग पुन्हा. वर चढत गेले तशा या चुका जवळजवळ यायला लागल्या. आधी चार-चार बोटांवर एक, मग तीन, मग दोन, आणि अगदी वर, जिथं तू सोडलं होतंस तिथं, अर्ध्या अर्ध्या बोटावर.

इन्स्पेक्टर ना मी! मला वाटलं, हिची नजर गेली. कबूलच करत नाही, चष्मा नको म्हणते आणि ओळी चुकते आहे. आमच्याकडं एखाद्या पोरीच्या मालात चुका अशा वाढत गेल्या की आम्ही म्हणतो, हिचं लक्ष उडालंय, हिला बाजूला घ्या. तसंच मला वाटलं. आणि अजून एक वाटलं, तेही सांगते, आता लपवून काय करू? मला वाटलं, माझ्या नव्या हॉलमध्ये ही अंथरायची आणि चार लोकांना त्या चुका दिसायच्या.

जिथून चुका दाट व्हायला लागल्या होत्या तिथपासून वरपर्यंत मी सवयीनं त्या मोजल्या. मग वरून उसवायला बसले. मोजायला सुरुवात केली होती तिथपर्यंत, चांगली दीड हात. सकाळी नऊला सुरुवात केली आणि चारपर्यंत उसवत होते. बोटांची टोकं सोलवटली. तुझ्या हाताखाली शिकलेली, म्हणून निघालेला कुरळा धागा लगेच भिजवला, पिळला, सरळ व्हावा म्हणून वजन बांधून टांगला. सगळं कसं नीटनेटकं. मनात ठरवलं होतं, संध्याकाळी तुला सांगायचं. तू चार शिव्या देशील, मी ऐकून घेईन, मग तू बरी होऊन आलीस की दोघी शेजारी शेजारी बसून ते परत विणू. खरं सांगू का, मी खूश होते. कितीतरी महिन्यांनी मी तुझ्यासाठी काहीतरी केलं असं मला वाटत होतं.

संध्याकाळी भेटायच्या वेळेला आले तर डॉक्टरांचा राउंड चालू होता. भाऊजी खाटेच्या पायाशी उभे, मी उशाशी. डॉक्टर विचारत होते, "आजी, थकवा कधीपासून आहे? नीट आठवून सांगा, ते महत्त्वाचं आहे." आजी म्हटल्याचा तुला राग आला ते मला दिसलं. पण तू हसलीस आणि म्हणालीस, "आठवायचं कशाला? माझी हजेरी हाय की घरी."

आणि तू त्यांना समजावून सांगितलंस. आप्पांची रीत. मोठं काम मागावर असलं की दिवसाची शेवटची ओळ खालच्या ओळीच्याच अंगाला कलती घालायची. वेणी तिथं मोडते. दिस संपला, हजेरी लागली. "बारक्या पिशवीला न्हाई घालत, ती काय एका दमात व्हती. मोठ्या कामाला घालायची. म्हंजे माणसाला कळतं, कवा किती हात चालला. मी पैलं दिसाला चार बोटं विणायची, डॉक्टर. मग व्हईना झालं. कवापासनं व्हईना झालं, ते वळी मोजल्या की कळंल." मग माझ्याकडं वळलीस. "उजे, उद्याच्याला फोटू काढून आण गं मोबाइलवर."

डॉक्टर म्हणाले, "वा, हा तर चार्टच झाला तुमचा. जरूर आणा. आत्ता अंदाजे सांगा."

अक्का, मला फोटोची गरज नव्हती. मी मोजल्या होत्या. सकाळी नऊ वाजता एक-एक बोट ठेवून मोजल्या होत्या. आकडा माझ्या जिभेवर होता. एवढंच म्हणायचं होतं, "डॉक्टर, इतके दिवस." पण मग पुढचा प्रश्न आला असता, तुला कसं माहीत, आणि मला सांगावं लागलं असतं की ते आता तिथं नाही, मी उसवून टाकलं. एवढ्याशा लाजेपायी मी गप्प बसले. तू एकदा भाऊजींकडं बघितलंस, एकदा माझ्याकडं, आणि म्हणालीस, "असतील पंधरा दिस." डॉक्टरांनी पंधरा लिहिलं.

दुसऱ्या दिवशी तू विचारलंस, "आणला फोटू?" मी म्हटलं, मोबाइलला चार्जिंग नव्हतं. माझा हात हातात घेऊन तू बोटं बघितलीस. "काय झालं गं हे?" मी म्हटलं, "कंपनीत वायर लागली." तू त्या बोटांवर फुंकर घातलीस. दोनदा. तुला कळलं होतं का? बारा वर्षांची असल्यापासून तू उसवत आलीस, उसवणाऱ्या माणसाची बोटं तुला ओळखू आली नसतील? मला आजही कळत नाही आणि आता कुणाला विचारायची सोय नाही. शनिवारी ओव्हरटाइमचं खोटं कारण सांगून मी भेटायला आलेच नाही. त्यानंतर तू फोटोचं नाव काढलं नाहीस.

तुला दवाखान्यात नेल्याच्या बाराव्या दिवशी कंपनीत फोन आला तेव्हा माझ्या टेबलावर एक जुडगा होता. मी तो पुरा तपासला. शिक्का मारला. मग पर्स उचलली. सुपरवायझर म्हणत होता, अहो मॅडम, ठेवा ते, निघा. मी म्हटलं, झालंच.

परवा कागद आणायला दवाखान्यात गेले होते, तेव्हा तेच डॉक्टर भेटले. मी विचारलं, पंधराऐवजी जास्त दिवस झालेत असं आधीच कळलं असतं तर काही फरक पडला असता का. ते चांगले आहेत, थांबून विचार केला त्यांनी. म्हणाले, "ताई, पडलाही असता, नसताही. रिपोर्टवरून आम्हाला बरंचसं कळलंच होतं. आता तुम्ही ते डोक्यात घेऊ नका." नसता पडला असं म्हणाले असते तर मी घरी येऊन झोपले असते. पडला असता म्हणाले असते तर निदान रडले असते. त्यांनी खरं सांगितलं आणि मी ते खरं पिशवीत घालून बसने घरी आले.

तुझी सतरंजी अजून चौकटीवरच आहे. आलेल्या बायका बघायच्या आणि म्हणायच्या, अरेरे, एवढीच झाली होती होय. मी म्हणायचे, हो, एवढीच.

आज दुपारी जेवणं झाल्यावर भाऊजी त्या खोलीत गेले. मी दारात होते. तुला माहीत आहे, भाऊजी माझ्याशी चौदा वर्षांत चौदा वाक्यं बोलले नसतील. थोरला दीर, तो आब त्यांनी कायम ठेवला. ते चौकटीपुढं उभे राहिले, मग हात वर करून रिकाम्या उभ्या धाग्यांवर एके ठिकाणी तळवा टेकवला. विणलेल्या कडेच्या बरोबर दीड हात वर.

"हिथवर आलं हुतं," ते म्हणाले.

मग मी सांगितलं. सगळं सांगितलं, झाडायला आले तिथपासून पंधरा लिहिलं तिथपर्यंत. माझा आवाज चढला नाही, कापला नाही, कंपनीत रिपोर्ट वाचून दाखवावा तसं सांगत गेले. वाटलं होतं ते हात उगारतील, निदान ओरडतील. ते ऐकत राहिले आणि बोटांनी एकेक धागा सुटा करत राहिले.

"पंधरा न्हवतं," ते म्हणाले. "मला म्हाईत हुतं."

मी दारातून आत आले.

"सकाळचं पाणी मीच भरत हुतो. तिला हंडा उचलंना. दुपारी विणता विणता हिथंच भुईवर आडवी व्हायची, परत उठून बसायची. मी म्हणायचो, चल दवाखान्यात. तर म्हणायची, उजीचं घर व्हायचंय, तिच्या मागं गडबड हाय, तिला काय सांगू नगा. हे पुरं झालं की जाऊ. पर बसायची रोज. रोज."

"मग तिथं का नाही बोललात?" मी म्हटलं. आवाज चढला माझा. एवढ्या मोठ्यानं मी त्यांच्याशी आयुष्यात बोलले नव्हते. "डॉक्टर समोर उभे होते. ती पंधरा म्हणाली तेव्हा तुम्ही का नाही बोललात, भाऊजी?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. खरंच उत्तर हवं असल्यासारखं विचारलं. "तू का न्हाई बोललीस?"

तुझ्या खाटेपाशी आपण तिघं होतो, अक्का, आणि तिघांनाही ठाऊक होतं. तू आम्हाला सांभाळायला पंधरा म्हणालीस की तुलाच भीती वाटली, ते मला माहीत नाही. भाऊजी बायकोला दवाखान्यात आणायला उशीर केला म्हणून गप्प बसले. मी दीड हात सुतासाठी गप्प बसले. ते शेवटी खाली मान घालून बाहेर गेले. मी मागं राहिले आणि मला वाटलं होतं, सांगितल्यावर छातीवरचं उतरेल. नाही उतरलं. कारण मला हे तुला सांगायचं होतं आणि मी त्यांना सांगितलं.

आकडा मात्र मी त्यांनाही सांगितला नाही. त्यांनी विचारलाही नाही. तो त्या संध्याकाळी तुझ्या खाटेशी उभी राहून मोठ्यानं म्हणायचा होता, तेव्हा म्हटला नाही, तर आता तुझ्यापाशीच म्हणते. मी दोनदा मोजल्या होत्या अक्का, आमची पद्धतच आहे, पहिल्या मोजणीवर विश्वास ठेवायचा नाही. दोन्ही वेळा तेवढ्याच भरल्या. एक्केचाळीस. एक्केचाळीस दिवस तू दमलेली होतीस, आणि एकाही दिवशी तुझा खाडा नाही.